वारंवार गर्भपात आणि 'पतीच्या पेशींची लस' : एक चिकित्सा

गर्भ टिकत नाही, याचा दोष नांदेड-लातूरसारख्या भागात आजही बहुधा सुनेच्याच पदरी टाकला जातो. वारंवार गर्भपातावरील 'पतीच्या पेशींची लस' या उपचाराची चिकित्सा म्हणूनच केवळ वैद्यकीय राहत नाही. पत्नीचे शरीर गर्भातील पित्याचा अंश परका मानून नाकारते, या गृहीतकावर पतीच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी तिला टोचल्या जातात. जुनाच आरोप येथे विज्ञानाच्या भाषेत पुन्हा मांडला जातो.

१९८५ मध्ये मोब्रे व सहकाऱ्यांच्या लंडनमधील चाचणीने या उपचारास बळ दिले. मात्र १९९९ मध्ये कॅरोल ओबर व सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातील १७१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत लस घेतलेल्या गटात ३६ टक्के, तर केवळ सलाइन दिलेल्या गटात ४८ टक्के स्त्रियांचा गर्भ टिकला. सुमारे निम्म्या स्त्रियांना लसीविना यश येत असेल, तर एकेका यशाचे श्रेय लसीला देता येत नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने संशोधनाबाहेरील तिचा वापर रोखला; २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यातही लाभ सिद्ध झाला नाही.

याचा अर्थ प्रतिकारशक्तीचा विचारच त्याज्य आहे, असा नव्हे. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आढळलेल्या स्त्रियांना ॲस्पिरिन व हेपॅरिन एकत्र दिल्यास लाभ होतो, असे १९९७ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ही तपासणी तेथे गरीब स्त्रीच्या आवाक्यात असणे, हीच खरी गरज होय.