जुने नकाशे आणि रिकामी टेकडी

आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला जमिनीतल्या नाण्यांशी काय करायचंय? करायचंय, कारण हा सगळा मामला प्रमाणांचा आहे. इंग्लंडात हजारो हौशी लोक सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतांतून फिरतात. मालकाची परवानगी काढतात, यंत्र वाजलं की वीतभर खणतात, खड्डा बुजवून पुढे जातात. मात्र कुठल्या शेतात जायचं, हे बरेच जण आधी घरी जुने नकाशे पाहून ठरवतात. आम्हाला बोलायचं आहे ते या नकाशावाचनाबद्दल.

साधनं तर हेवा वाटावा अशी आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी खात्याचे एकोणिसाव्या शतकातले नकाशे आहेत, मैलाला सहा इंच आणि पंचवीस इंच अशा मापाचे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते फुकट पाहायला ठेवलेत. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर चढवता येतो. शिवाय चर्चला द्यायच्या दशांशाची रोख आकारणी करण्याचा कायदा १८३६ साली झाला, त्यासाठी गावोगाव काढलेले नकाशे आहेत. त्यांच्या सोबतच्या तक्त्यात प्रत्येक शेताचा मालक, कसणारा आणि बहुधा शेताचं नावही असतं. आपल्याकडे 'पांढरी' म्हटलं की जुनी वस्ती समजते, तशीच ही नावं बोलकी.

हौशी माणूस दोन नकाशे शेजारी ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो: तेव्हा होतं आणि आता नाही, असं काय? मोडलेली पायवाट, बुजलेली विहीर, नदीचा उतार, जत्रेचं मैदान. जिथे माणसं थांबली, बसली, तिथे त्यांच्या हातून काहीतरी पडलं असणार. अनुमान म्हणून यात खोट काढायला जागा नाही.

खोट आहे ती त्याच्या आधीच्या पायरीत. नकाशा हे शब्दप्रमाण आहे, कुणीतरी सांगितलेली गोष्ट. सांगणाऱ्याला ती कशी कळली, हे विचारायला नको का? मोजणीदाराने साखळी टाकून मोजलेलं कुंपण आणि लोकांच्या तोंडून ऐकलेली लढाई, दोन्ही एकाच शाईत छापलेली असतात. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर रणभूमीची खूण म्हणजे एकमेकींवर ठेवलेल्या दोन तलवारी आणि खाली साल. खूण इतकी नेटकी, की शंका घ्यायला मन धजत नाही.

लेस्टरशर परगण्यातल्या बॉझवर्थचं उदाहरण घ्या. २२ ऑगस्ट १४८५ रोजी तिथे तिसरा रिचर्ड मारला गेला आणि ट्यूडर घराण्याचं राज्य सुरू झालं. लढाई अँबियन नावाच्या टेकडीवर झाली, ही समजूत रूढ होण्यात विल्यम हटन या बर्मिंगहॅमच्या पुस्तकविक्रेत्याच्या १७८८ सालच्या ग्रंथाचा मोठा वाटा. म्हणजे लढाईनंतर तीनशे वर्षांनी! तलवारींची खूण त्या टेकडीशी बसली, विसाव्या शतकात तिथे माहितीकेंद्रही उभं राहिलं. पण लढाईजवळच्या काळातलं तिचं नाव होतं 'रेडमोर', वेताळ दलदल अशा अर्थाचं. आणि पॉलिडोर व्हर्जिल या इतिहासकाराने दोन सैन्यांमध्ये दलदल असल्याचं लिहून ठेवलं होतं. दलदल टेकडीच्या माथ्यावर कशी असेल?

२००५ पासून ग्लेन फोर्ड या पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली शोध झाला. त्यांनीही जुने दस्तऐवज, शेतांची नावं, मातीचे थर हेच वाचलं, पण दलदल कुठे होती हे ठरवण्यासाठी. मग मेटल डिटेक्टर समांतर ओळींत फिरवले. टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटरवर, फेन लेन नावाच्या जुन्या रस्त्याच्या परिसरात, तोफांचे आणि बंदुकांचे तीसहून अधिक गोळे मिळाले. आणि मिळालं एक चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं रानडुकराचं चिन्ह, रिचर्डच्या माणसाने मिरवलेलं. कुठे? 'फेन होल' नावाच्या जागेजवळ. फेन म्हणजे दलदल.

आमचं मन मात्र त्या डुकरापेक्षा रिकाम्या टेकडीवर जास्त रेंगाळतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही असं कळतं. अट एकच, ती अनुपलब्धी 'योग्य' हवी: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात दिसला नाही, याला अर्थ नाही. हौशी माणसाच्या लेखी रिकामं शेत म्हणजे फुकट गेलेला रविवार. तो कुठेच नोंदवत नाही. शिवाय गंजक्या खिळ्यांचा त्रास नको म्हणून तो बहुधा यंत्राला लोखंड ऐकू नको असं सांगून ठेवतो. बाणाची टोकं लोखंडाचीच होती! कान बंद ठेवून ऐकलेली शांतता ती. काही नाही मिळालं, हे म्हणण्याचा अधिकारसुद्धा मेहनतीने मिळवावा लागतो.

आणखी एक तक्रार. जो माणूस आठवडाभर 'कुठे' या प्रश्नामागे नकाशे पालथे घालतो, तोच वस्तू हातात आल्यावर ते 'कुठे' विसरतो, हे आम्हाला अजब वाटतं. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या १९९७ साली सुरू झालेल्या योजनेत आज पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे, आणि ती बव्हंशी हौशी लोकांच्या सचोटीवर उभी आहे. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. तिथे जागा आकड्यांत सांगायची असते. सहा आकडी संदर्भ दिला तर शंभर मीटरचा चौरस कळतो, आठ आकडी दिला तर दहा मीटरचा. बॉझवर्थच्या गोळ्यांना अर्थ आला तो त्यांच्या एकमेकांपासूनच्या अंतरांमुळे. तेच गोळे पिशवीत घालून आणले असते, तर शिसंच की.

उलट उदाहरण २०१५ चं, हेरफर्डशरमधल्या लेमिन्स्टरजवळचं. व्हायकिंग काळातला ठेवा सापडला, सापडणाऱ्यांनी तो कळवलाच नाही, नाणी परस्पर विकली. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. अंदाजे तीनशे नाण्यांपैकी तिसेक हाती लागली. त्या मोजक्या नाण्यांवरही वेसेक्स आणि मर्सियाचे दोन राजे शेजारी बसलेले दिसतात, आणि त्यांच्या संबंधांबद्दलचं इतिहासकारांचं मत त्यामुळे बदलावं लागतंय. उरलेल्या नाण्यांवर काय होतं, हे आता कुठल्या नकाशाला विचारायचं?

दहा मिनिटं आहेत अजून. मागे कुणीतरी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरू करू.