आरोग्यभवनांतील एक कार्ड

पत्रवाङ्मयाचा विचार करतांना आमचे टीकाकार थोरांच्या लांबलचक पत्रांपाशींच थांबतात. १८७९ सालीं पाव आण्यास मिळूं लागलेल्या पोस्टकार्डाकडे कोणी वळत नाहीं. पांचगणीच्या एका आरोग्यभवनांतून नंदुरबारच्या एका घरीं आलेलें जुनें कार्ड नुकतेंच आमच्या पाहण्यांत आलें. डॉ. बिलिमोरिया यांनीं पांचगणीस १९१२ सालीं क्षयरोग्यांसाठीं बेल-एअर स्थापिलें, त्या काळीं या रोगावर औषध असें नव्हतेंच. मोकळी हवा, सकस अन्न व विश्रांति, एवढाच काय तो उपचार.

कार्डाचा मजकूर सहा ओळींचा. वजन दोन पौंडांनीं वाढलें, ताप उतरला, धाकटीचें लग्न माझ्यासाठीं लांबवूं नये. रोगाचें नांव कोठेंहि नाहीं. आमच्या एका रसिक स्नेह्यांस हें लेखन कोरडें वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. कार्ड उघडें, टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणींहि वाचावें, आणि क्षयाचा बभ्रा झाला कीं घरची सोयरीक मोडलीच म्हणून समजावें! हें ध्यानांत घेऊन लग्नाचें वाक्य पुन्हा वाचावें, म्हणजे त्या कोरडेपणांत किती माया आहे तें कळतें. अक्षर मात्र शेवटीं थरथरलें आहे. तें त्यास लपवितां आलें नाहीं.

पुढें औषधें निघालीं. औषधें नीट घेतल्यास घरीं राहूनहि तितकाच गुण येतो, असा मद्रासच्या प्रयोगाचा निष्कर्ष १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. अशुभ वार्तेचें कार्ड वाचून फाडून टाकण्याची आपली रीत. या कार्डास तारेला ओंवल्याचें भोंक आहे.