बुळकांडी गेली, दाखल्यात मात्र राहिली

बैलजोडी ट्रकमध्ये चढवून दुसऱ्या राज्यात न्यायची तर सोबत पशुवैद्यकाचा दाखला लागतो, हे तुम्हाला माहीत असेल. पण तो दाखला कधी नीट वाचलाय का? माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण जनावरांच्या वाहतुकीवर आहे, म्हणून मी वाचला. आज त्याच्याविषयीच थोडी तक्रार करायची आहे.

दाखल्याचा नमुना येतो प्राणी वाहतूक नियम, १९७८ मधून. त्यात डॉक्टर लिहून देतात की निघण्यापूर्वीच्या १२ तासांत जनावर तपासलं, ते प्रवासाला योग्य आहे, संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत, आणि त्याला बुळकांडीची व इतर रोगांची लस दिलेली आहे.

बुळकांडी! भारत या रोगातून मुक्त असल्याचं २००६ मध्ये जाहीर झालं, सगळं जग २०११ मध्ये. ही लस टोचणं कधीच बंद झालंय. म्हणजे छापील मजकुरावर जशीच्या तशी सही करणारा डॉक्टर रोज एक खोटं वाक्य प्रमाणित करतो.

तुम्ही म्हणाल, एक जुना शब्द राहून गेला, त्यात काय एवढं? माझा आक्षेप शब्दापुरता नाही. हा नमुना विश्वास ठेवतो तो आजच्या दिवशी डोळ्यांना जे दिसतं त्यावर. आता लंपी घ्या. भारतात ती २०१९ मध्ये आली, महाराष्ट्रात २०२२ मध्ये पसरली. लागण झालेलं जनावर चार आठवड्यांपर्यंत ठणठणीत दिसू शकतं. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे जातात. मग १२ तासांपूर्वीची तपासणी नेमकं काय सांगते? लसीची तारीख लिहिली तरी तिला किमान किती दिवस झालेले हवेत, हे नमुना सांगत नाही. जनावर गेला महिनाभर कुठे होतं, हेही नाही.

नमुन्याची बाजूही मांडायला हवी. हे नियम मुळात क्रूरता रोखण्यासाठी आहेत. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नकोत, सोबत माणूस हवा, दुसरा माल भरायचा नाही, या अटी चांगल्याच आहेत. रोगासाठी २००९ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. त्यात नियंत्रित क्षेत्र, सक्तीचं लसीकरण, जनावरावर खूण आणि तपासणी नाके आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने तो वापरून अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र केलं. शिवाय कानातला पिवळा बिल्ला आहे, १२ अंकांचा. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही, असा आदेश निघाला.

अडचण अशी की एक कागद प्रकृती सांगतो, दुसरी नोंद इतिहास सांगते, आणि दोघांची गाठ घालून दिलेली नाही. १९७८ च्या नमुन्यात १२ अंकी क्रमांकाचा विचार असणं शक्यच नव्हतं. मग नाक्यावर जे पटकन तपासता येतं तेच तपासलं जातं, म्हणजे सही, शिक्का आणि डोकी.

याची किंमत कोण मोजतं? बीडकडून कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणारं ऊसतोडीचं कुटुंब घ्या. हंगामात बैल आजारी पडला की काम थांबतं, अंगावरची उचल मात्र तशीच राहते. कागद अपुरा ठरला तर गाडी रस्त्यातच अडते. आणि कागद पुरा असूनही शेजारच्या खोपीपुढे बांधलेल्या बैलाला लागण व्हायची ती होतेच, कारण लंपी पसरवणाऱ्या माशा-गोचिडांना दाखला दाखवता येत नाही.

मला वाटतं, दाखल्यात फक्त प्रवासाची योग्यता ठेवावी आणि बुळकांडीची ओळ काढून टाकावी. रोगासाठी बिल्ल्याचा क्रमांक, लसीची तारीख, त्यानंतरचे किमान दिवस आणि महिनाभराचा ठावठिकाणा, एवढं विचारावं.

बिल्ल्यानेही सगळं सुटणार नाही. तो गळून पडतो, आणि बाजारात झालेली विक्री नोंदली गेली नाही तर क्रमांक जुन्याच मालकाकडे बोट दाखवतो. पण ही चूक शोधून दुरुस्त करता येते. न दिलेल्या लसीच्या दाखल्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरतच नाही.