मंडळीपुढे वाचलेले पत्र

ख्रिस्ती बंधूंमधील कलह मंडळीच्या आतच मिटावा, हा नव्या करारातील आग्रह प्रायः दोन स्थळांच्या आधारे सांगितला जातो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात अपराध्याशी प्रथम एकांतात, मग एकदोघांना सोबत घेऊन आणि अखेरीस मंडळीसमोर बोलण्याचा क्रम आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 6व्या अध्यायात बंधूविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांची पौल निर्भर्त्सना करतो. ही स्थळे उपदेशाची आहेत. त्या उपदेशाचे आचरणातील रूप मात्र अवघ्या 25 वचनांच्या, फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात दिसते.

फिलेमोन हा धनी, अनेसिम त्याचा दास. तो पळून आला होता, असे परंपरा मानते. पत्रात अपराधाचा स्पष्ट उच्चार नाही. काही अन्याय वा ऋण असेलच तर ते आपल्या खाती मांडावे, असे बंदिवासातील पौल सुचवतो आणि भरपाईची हमी स्वहस्ते लिहून देतो. 'अनेसिम' म्हणजे उपयोगी. एकेकाळी निरुपयोगी ठरलेला हा माणूस आता उभयतांच्या उपयोगाचा झाला आहे, हा श्लेष केवळ शब्दचमत्कृती नव्हे. एका माणसाला त्याचे नाव सार्थ करून परत देण्याची ती कृती आहे.

आज्ञेचा अधिकार पौल सूचित करतो आणि लगेच बाजूला ठेवून विनंतीचा स्वर धरतो. तरीही ही विनंती खाजगी राहत नाही. पत्राच्या मायन्यात अप्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरी जमणारी मंडळीही आहे. मत्तयातील अखेरची पायरी येथे आरंभीच येते. शेवटी आपल्यासाठी राहण्याची सोय करून ठेवण्यास पौल सांगतो, म्हणजे निर्णयाचे फळ तो स्वतः पाहणार आहे. या सौजन्यात दडपण आहे खरे. पण ते दुर्बळावर नसून धन्यावर आहे, यातच पत्राची नैतिक उंची आहे.

त्याची मर्यादाही तितकीच खरी. दास्याच्या संस्थेवर येथे थेट आघात नाही. दासाला बंधू म्हणून स्वीकारण्याचा निर्णय अखेर धन्याचाच राहतो. म्हणूनच 19व्या शतकातील अमेरिकेत दास्याचे समर्थक आणि विरोधक दोघेही या पत्राकडे वळले. ज्याच्यासाठी सारी रदबदली चालली आहे, तो अनेसिम एक शब्दही बोलत नाही. घरातला कलह घरात मिटवताना दुर्बळाचा शब्द घरातच विरून जाऊ शकतो. समेटाचे मोल ठरवताना मंडळीने ऐकावयाचे राहिले आहे ते हे मौन.