साचा कुणाच्या हातात? : रंगीत इमोजी फॉन्टचे परवाने आणि पॅकेजिंग

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. रंगीत इमोजी फॉन्ट, त्याचा परवाना आणि त्याचं पॅकेज. पण पेण तालुक्यातल्या जोहे गावातून याच्याकडे पाहिलं, तर यात कोरडं काही नाही.

जोहे, हमरापूर आणि आसपासच्या गावांतल्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती महाराष्ट्रभर जातात. त्यातल्या बऱ्याच कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या असतात. साच्यातून काढलेली पांढरी मूर्ती दुसऱ्या गावी पोचते, तिथला रंगारी तिला रंगवतो, डोळ्यांची आखणी करतो आणि ती त्याच्या दुकानात विकली जाते. मूर्ती मिळाली म्हणजे साचा मिळाला, असं होत नाही. आता ज्याला साचाच हवा आहे, तो मूर्तीवर रबर चढवून नवा साचा काढू शकतो. पण तो नकलेवरून काढलेला साचा. बारीक कोरीवकाम त्यात थोडं बोथट होतंच.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे : मुक्त फॉन्टचा परवाना तुम्हाला मूर्ती देतो. साचा मिळतो की नाही, हे पॅकेजिंगवर ठरतं. आणि या दुसऱ्या भागाची समीक्षा फारशी कुणी करत नाही.

आधी इमोजी म्हणजे नेमकं काय, ते पाहू. युनिकोड प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आणि एक नाव देतं. चित्र देत नाही. २०१९ मध्ये युनिकोडच्या १२.० आवृत्तीत पणती, साडी, रिक्षा आणि हिंदू देऊळ आलं. पण ती पणती कशी दिसावी, हे प्रत्येक फॉन्टवाला ठरवतो. सोंड, सुपासारखे कान, हातात मोदक हे रूप सगळ्यांचं. पण एका मूर्तिकारानं घडवलेली विशिष्ट मूर्ती त्याची. इथंही तसंच. क्रमांक सगळ्यांचा, चित्र चित्रकाराचं. म्हणून परवाना लागतो तो चित्राला.

आता सगळ्यात जास्त वापरला जाणारा मुक्त फॉन्ट घेऊ, गूगलचा नोटो कलर इमोजी. अँड्रॉइड फोनवर तो असतो, लिनक्सवर असतो. उबुंटूनं २०१८ च्या १८.०४ आवृत्तीपासून तो सोबतच द्यायला सुरुवात केली. त्याच्या भांडारात एकाच छताखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार फॉन्टला एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे ओएफएल. फॉन्ट बांधायची अवजारं आणि बहुतेक चित्रं अपाची २.० परवान्याखाली. आणि देशांचे झेंडे तिसरीकडून आलेले, बहुतांशी कॉपीराइटबाहेरचे म्हणून नोंदवलेले.

हे वाईट आहे का? नाही. उलट, प्रामाणिकपणे वेगळं लिहून ठेवलंय, हे चांगलंच आहे. अडचण पुढे येते. हा फॉन्ट पॅकेज होऊन तुमच्यापर्यंत येतो तेव्हा हे तीन थर सहसा एका ओळीत मिटतात : ‘परवाना : ओएफएल’. मग एखादी मुलगी स्टिकरचं ॲप बनवायला बसते आणि भांडारातून चित्रांच्या फाइली उचलते. तिला वाटतं, ओएफएल लागू आहे. प्रत्यक्षात लागू असतो अपाची. त्यात परवान्याची प्रत सोबत द्यावी लागते, मूळ सूचना तशाच ठेवाव्या लागतात आणि बदललेल्या फाइलीवर ‘बदल केला आहे’ असं लिहावं लागतं. हे जड काम नाही. पण कुणी सांगितलंच नाही, तर ती करणार कसं?

ओएफएलबद्दलही बरेच गैरसमज आहेत. हा परवाना सांगतो : फॉन्ट वापरा, वाटा, बदला. नुसता फॉन्ट विकू नका, मात्र सॉफ्टवेअरसोबत बांधून विकला तर चालेल. बदललेला फॉन्ट याच परवान्याखाली द्या. मूळ कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देऊ नका. आणि या फॉन्टनं बनवलेल्या कागदपत्राला हा परवाना चिकटत नाही. म्हणजे मंडळाचा फलक छापून पैसे घेणाऱ्याला काहीच भीती नाही. मुंबईच्या एक टाइपचा ‘मोदक’ किंवा ‘बालू’ वापरणाऱ्यालाही नाही, कारण तेही ओएफएलवरच आहेत. पण ‘हजारो मराठी फॉन्ट’ अशी नुसती झिप फाइल विकणारा जर त्यात हे फॉन्ट घालत असेल, तर तो अट मोडतोय.

ही शेवटची सवलत, कागदपत्राला परवाना न चिकटण्याची, किती महत्त्वाची आहे, हे लोहितच्या उदाहरणावरून कळतं. लोहित ही रेड हॅटची भारतीय लिप्यांची फॉन्टमाला, आणि तिची देखभाल पुण्यातून व्हायची. ती आधी जीपीएल परवान्यावर होती. जीपीएल हा मुळात प्रोग्रामसाठी लिहिलेला. फॉन्ट पीडीएफमध्ये बसला की ती पीडीएफही जीपीएलखाली येते का, असा प्रश्न उभा राहतो आणि वेगळा अपवाद लिहावा लागतो. २०११ मध्ये लोहित ओएफएलवर आली. अक्षरात बदल न होताही परवाना बदलल्यानं फॉन्टचा उपयोग मोकळा झाला.

मग ओएफएलमध्ये खोट कुठं आहे? आमच्या मते इथं : ओएफएल तुमच्याकडून मूळ साहित्य मागत नाही. तयार फाइल द्या, एवढं पुरे. कच्ची मूर्ती दिली, साचा घरात ठेवला, तरी परवान्याची अट पूर्ण. साध्या काळ्या अक्षरांच्या फॉन्टमध्ये हे फारसं बोचत नाही, कारण फॉन्ट फाइलीतच रेषा असतात, त्या उघडून बदलता येतात. रंगीत इमोजीत मात्र बोचतं. नोटोच्या नेहमीच्या फाइलीत रेषा नसतात. १३६ बाय १२८ ठिपक्यांची हजारो छोटी चित्रं असतात. फोनवर झकास दिसतात. तेच चित्र दहा फुटी फलकावर नेलं की धुरकट होतं.

इथं पॅकेजिंग करणाऱ्यांचे नियम कामी येतात. डेबियनच्या मुख्य विभागात यायचं तर सोर्स सोबत हवा. म्हणून तिथला नोटो इमोजी नुसता आणून टाकलेला नाही, तो बांधला जातो : चित्रं घ्यायची, आवळायची, फॉन्टच्या सांगाड्यात बसवायची. परवान्यानं न मागितलेली गोष्ट पॅकेजच्या शिस्तीनं मागितली. याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण समीक्षा करायची तर पुरती करू. ही बांधणी सुरू कुठून होते? १२८ ठिपक्यांच्या तयार पीएनजी चित्रांपासून. भांडारात रेषाचित्रांच्या एसव्हीजी फाइलीही आहेत, पण ही कृती त्यांच्यापासून सुरू होत नाही. म्हणजे आपण ज्याला सोर्स म्हणतो, तो रंगवून झालेल्या मूर्तीवरून काढलेला साचा आहे. नियमाचं समाधान झालं, कारागिराचं नाही. रेषांवर आधारलेली कोलर-व्ही-१ ही नवी पद्धत क्रोममध्ये २०२२ पासून चालते आणि नोटोची त्या पद्धतीची फाइलही आहे. पॅकेज करणाऱ्यांनी आता त्या दिशेनं जावं, असं आमचं मत आहे.

साचा हाती असण्यानं काय होतं, याची दोन उदाहरणं. २०१७ मध्ये गूगलनं अँड्रॉइड ८ सोबत आपले गोळ्यासारखे जुने इमोजी काढून गोल चेहरे आणले. पुष्कळांना जुनेच आवडत होते. चित्रं मुक्त परवान्यावर असल्यामुळे ‘ब्लॉबमोजी’ नावानं ते पुढे चालू राहिले आणि नंतरची नवी चिन्हंही त्याच धाटणीत काढली गेली. मोठ्या कारखान्यानं साचा टाकला, कुणीतरी तो उचलून ठेवला. उलट उदाहरण इमोजीवनचं. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत श्रेय देऊन वापरायची मुभा होती. २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून परवाना आवळला गेला. आधी दिलेली परवानगी जुन्या चित्रांपुरती राहिली, पण नव्या चिन्हांसाठी लोकांना दुसरं दार शोधावं लागलं. मालक मन बदलू शकतो. दिलेला परवाना टिकतो, पण जेवढं दिलं तेवढ्यापुरताच.

आता जोहेकडे परत येऊ. गणपतीचा इमोजी नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत. युनिकोडच्या नियमात देवदेवतांचे प्रस्ताव घेतलेच जात नाहीत. पण उद्या कुणी पेणच्या मूर्तींच्या धाटणीचा चित्रफॉन्ट काढायचं ठरवलं, तर खासगी क्रमांक वापरून तो काढता येईल. अडचण एक : ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला रिकामी चौकट दिसेल. या चौकटींना तोफू म्हणतात, आणि ‘नो तोफू’वरूनच नोटो हे नाव आलं आहे.

असा फॉन्ट निघाला, तर आमचा आग्रह चार गोष्टींचा राहील. पहिली रेघ ओढण्याआधी मूर्तिकाराची लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती आहे, तिच्यावरून चित्र काढणं ही फुकटची गोष्ट नाही. चित्रांचा परवाना आणि फॉन्टचा परवाना वेगळे असतील, तर पॅकेजवर दोन्ही लिहा. मूळ रेषाचित्रं आणि बांधायची कृती सोबत द्या, परवाना मागत नसला तरी. आणि नाव राखून ठेवा, म्हणजे कुणी बदल केला तर तो त्याच्या नावानं फिरेल, कारागिराच्या नाही.

यातली कुठलीही गोष्ट खर्चाची नाही. चार मजकूर-फाइली आणि थोडी शिस्त. एवढं नसेल, तर ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘फुकट’ एवढाच उरतो. आणि फुकट मिळालेल्या मालाच्या कारागिराचं नाव कुणी विचारत नाही, हे पेणच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.