‘मोठेपणी कोण होणार?’ – पाच पुस्तकांच्या निमित्ताने

आपल्याकडे लहान मुलास विचारला जाणारा पहिला गंभीर प्रश्न म्हणजे ‘तू मोठेपणी कोण होणार?’ हा होय. मुलगा डॉक्टर, इंजिनीअर, कलेक्टर असे काहीतरी सांगतो. पाहुणे कौतुकाने हसतात आणि बोलणे दुसरीकडे वळते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी तोच मुलगा एखाद्या कचेरीत फाइलींवर टिपण्या लिहीत बसलेला असतो, तेव्हा त्या प्रश्नाची आठवण त्याला कोणी करून देत नाही. साहित्य मात्र ती करून देते. आत्मचरित्र आणि आत्मकथनाच्या अंगाने जाणारी कादंबरी हे दोन्ही प्रकार म्हणजे या एका प्रश्नाला उशिरा दिलेली उत्तरेच आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या उत्तरांचा विचार करताना आपली समीक्षा एका शब्दापाशी फार लवकर येऊन थांबते. तो शब्द म्हणजे ‘स्वप्नभंग’. नायकास जे व्हावयाचे होते ते तो झाला नाही, एवढे ध्यानात आले की स्वप्नभंगाचा शिक्का उमटवून समीक्षक मोकळा होतो. माझ्या मते या शब्दाने एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. स्वप्न भंगले की साध्य झाले, हे पाहण्याआधी ते मुळात कोणाचे होते हे पाहिले पाहिजे. त्या मुलाचे स्वतःचे, त्याच्या बापाचे, पतीचे, की त्या काळातील साऱ्या पांढरपेशा समाजाचे? या प्रश्नाचे उत्तर बदलले की आयुष्याचा अर्थ बदलतो, आणि त्याबरोबर पुस्तकाची घडणही बदलते. परिचयातील पाच पुस्तकांच्या आधारे हे दाखविण्याचा येथे विचार आहे.

प्रथम धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ घेऊ. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. कोकणातील मुरूडच्या या मुलाचे स्वप्न आजच्या मापाने अगदीच लहान होते. त्या काळची पब्लिक सर्व्हिस परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि एखादी शाळामास्तराची किंवा सरकारी कचेरीतली लहानशी जागा मिळावी, यापलीकडे त्या परिसरातील मुलाची दृष्टी सहसा जात नसे. त्या परीक्षेसाठी कर्वे मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगरवाटांनी पायी गेले. आणि तेथे, हा मुलगा वयाने लहान दिसतो, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले. पण मॅट्रिक होईपर्यंत त्यांना तेविसावे वर्ष लागले होते.

नोकरीच्या उंबरठ्यावरून परतविलेल्या या मुलाने पुढे काय केले, ते सर्वांस ठाऊक आहे. १८९१ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते ‘भारतरत्न’ झाले. येथे स्वप्न आणि वास्तव यांची तुलना करू गेल्यास स्वप्नच थिटे पडते. परंतु ‘आत्मवृत्ता’चा विशेष असा की, लेखक या तुलनेचा मोह धरीत नाही. साताऱ्याची पायपीट आणि पुढील संस्थांची उभारणी तो एकाच संथ, हिशेबी स्वरात सांगतो. नियतीने आपल्याकरिता काही थोर योजून ठेवले होते, असे भासविण्याची संधी पानोपानी असतानाही तो ती घेत नाही. याचे कारण मला असे दिसते की, हे स्वप्न कोणी त्याच्या माथी मारलेले नव्हते. गरजेतून ते निर्माण झाले होते, आणि गरज बदलताच त्याने ते बदलले. ज्याचे स्वप्न स्वतःचे असते त्याला ते मोडताना शोक करावा लागत नाही, म्हणूनच या पुस्तकाची भाषा इतकी निर्विकार राहू शकली.

याच्या अगदी उलट टोकाला श्री. ज. जोशी यांची १९६८ साली प्रसिद्ध झालेली ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपणा वाचकांना हे पुस्तक एका विशेष कारणाने जवळचे वाटावे. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील कारकून होते आणि बदलीच्या हुकुमांबरोबर त्यांचा संसार अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर असा फिरत राहिला. १८६५ साली जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी या प्रौढ बिजवराशी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. तिला ‘तू मोठेपणी कोण होणार?’ असे कोणी विचारले असण्याचा संभवच नव्हता. त्या काळी मुलीच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर लग्नाच्या बोहल्यावर दिले जाई. शिक्षणाचे स्वप्न पतीचे होते, आणि ते त्याने हट्टाने, प्रसंगी क्रौर्यानेही तिच्यावर लादले.

कादंबरीचे यश येथे आहे की, जोशी यांनी गोपाळरावांना केवळ थोर सुधारकही केले नाही आणि केवळ जुलमी पतीही केले नाही. कचेरीतील हा सामान्य मनुष्य आपल्या वाट्यास न आलेली उंची दुसऱ्याच्या आयुष्यातून गाठू पाहतो, ही गोष्ट त्यांनी ओळखली आहे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना झालेला मुलगा दहाच दिवसांत गेला, आणि त्या दुःखातून पतीचे स्वप्न पत्नीचे होऊ लागले. १८८३ साली श्रीरामपूरच्या महाविद्यालयाच्या सभागृहात आपण अमेरिकेस का जात आहोत हे त्यांनी लोकांपुढे उभे राहून सांगितले, तेव्हा बोलणारी व्यक्ती पतीची प्रतिध्वनी राहिली नव्हती. त्याच वर्षी त्या पतीवाचून समुद्रापार गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियातून वैद्यकाची पदवी घेतली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात ठरलेले काम करावयास त्यांना आयुष्य उरले नाही.

या जीवनास स्वप्नभंग म्हणावे की स्वप्नपूर्ती? दोन्ही शब्द अपुरे पडतात. पदवी मिळाली, म्हणजे स्वप्न पुरे झाले. ते जिच्या देहावर पुरे झाले तो देह मात्र टिकला नाही. कादंबरीच्या नावात ही दोन नावे विरामचिन्हावाचून शेजारी ठेवलेली आहेत, आणि कोणाचे कोठे संपते व कोणाचे कोठे सुरू होते हे अखेरपर्यंत निश्चित होत नाही. परक्याचे स्वप्न अंगीकारलेल्या आयुष्याची कथा अशा दोन केंद्रांभोवतीच लिहिता येते. एकट्या आनंदीबाईंची विजयगाथा लिहिली गेली असती, तर ती अधिक सोपी आणि कमी खरी झाली असती.

१९६३ साल उजाडेपर्यंत हा प्रश्न आणखी निराळ्या रूपात पुढे आला होता. त्या वर्षीच्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यास शिकावयास येतो. खर्चाचे पैसे बापाचे आणि अपेक्षाही बापाची. पांडुरंगाला स्वतःला काय व्हावयाचे आहे हे त्यालाही ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचे सोंग तो करीत नाही. वसतिगृह, मेस, मित्र, परीक्षा यांतून तो वाहत जातो; धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते; आणि अखेर तो रिकाम्या हाताने गावी परततो. ‘कोसला’स स्वप्नभंगाची कादंबरी म्हणणाऱ्यांना मी विचारीन, येथे भंगलेले स्वप्न नायकाचे आहे तरी कोठे? ते बापाचे आहे. त्याहून अधिक, शिक्षणाने मनुष्य घडतोच असे मानणाऱ्या एका सबंध पिढीचे आहे. नायकापाशी स्वप्न नाही म्हणून कथानकापाशीही चढती कमान नाही. ती तुटक, चेष्टेखोर, मध्येच गप्प होणारी निवेदनशैली केवळ नावीन्याच्या हौसेने आलेली नसून ती या रिकामेपणाची गरज आहे.

त्यानंतर वर्षभराने, १९६४ साली, पु. ल. देशपांडे यांचे ‘असा मी असामी’ आले. त्यातील धोंडो भिकाजी जोशी हा मुंबईच्या कचेरीतला कारकून आपल्या वाचकांच्या इतक्या परिचयाचा आहे की, त्याची ओळख करून द्यावयास नको. हे पुस्तक आपण हसत हसत वाचतो. परंतु धोंडोपंतांना लहानपणी कोण व्हावयाचे होते, हा प्रश्न त्याच्या केंद्राशी कधी येत नाही, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. चाळीतल्या त्यांच्या वर्गाने तो प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला होता. बदलत्या काळाबरोबर बायको, मुले, शहर सारेच नवनवी स्वप्ने आणतात आणि धोंडोपंत त्यांच्या मागून धापा टाकीत चालतात. विनोद उत्पन्न होतो तो यातूनच. तो विनोद निर्मळ आहे, हे कबूल केलेच पाहिजे; पण एक उणीवही नोंदविली पाहिजे. या कारकुनाची कचेरी आपल्याला दिसते ती हास्याची जागा म्हणून. तेथे दिवसाचे आठ तास हा मनुष्य जे काम करतो, त्या कामात काही कौशल्य, काही अभिमान, कोणाचे काही भले असू शकते, याची चाहूल पुस्तकात फारशी लागत नाही.

ही उणीव एकट्या पु. लं.ची नव्हे. आपल्या पांढरपेशा साहित्याने नोकरीकडे बहुधा ‘जे व्हावयाचे होते ते न झाल्याची शिक्षा’ म्हणूनच पाहिले. ही दृष्टी किती एकांगी आहे, हे दया पवार यांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली दाखवून दिले. बलुतेदारीत माणूस मोठेपणी कोण होणार हे तो जन्मण्यापूर्वीच ठरलेले असते. महारवाड्यातील मुलाच्या वाट्यास गावकीची कामे आणि त्या बदल्यात धान्याचा ठराविक वाटा, एवढे भविष्य तयार असे. अशा मुलाला शिकून कारकुनाच्या खुर्चीवर बसणे ही हार नव्हती. पिढ्यांचा करार मोडणे होते. आपल्या कथांतून जी खुर्ची स्वप्नांचे थडगे म्हणून आली, तीच खुर्ची दुसऱ्या एका वस्तीत स्वप्न म्हणूनही फार दूरची होती. एवढे एक सत्य मराठी वाचकाच्या पदरात टाकले असते, तरी हे पुस्तक मोठे ठरले असते.

परंतु ‘बलुतं’ तेथे थांबत नाही. दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन नावांना समोरासमोर बसवून लेखकाने पुस्तकाची चौकट उभारली आहे. एक नाव वस्तीत मिळालेले, दुसरे शहरात आणि साहित्यात कमावलेले. नोकरी मिळाली, लौकिक मिळाला, पण दगडू समोरून उठून जात नाही. साध्य झालेले स्वप्नही माणसाला दुभंगून ठेवू शकते, आणि त्या दुभंगाची लाज व त्या लाजेचीही लाज लपविता येत नाही, हे सांगावयास याहून योग्य घडण क्वचितच सापडली असती.

कोणी असा आक्षेप घेईल की, स्वप्न कोणाचे हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे, साहित्यसमीक्षेचा नव्हे. वरील पाचही पुस्तकांची घडण हेच या आक्षेपास माझे उत्तर आहे. कर्व्यांचे सपाट निवेदन, ‘आनंदी गोपाळ’मधील दोन केंद्रे, ‘कोसला’ची तुटक बोलणी, धोंडोपंतांचा मागून धावणारा विनोद आणि ‘बलुतं’मधील दोन नावांचा संवाद, या साऱ्या रचना त्या एका प्रश्नाच्या उत्तरातून आकारास आल्या आहेत. पुस्तकाच्या रूपापर्यंत जो प्रश्न आपल्याला नेतो, त्याला समीक्षेबाहेरचा म्हणता येणार नाही.

अखेरीस एक मागणे मांडतो. या मासिकाच्या बहुसंख्य वाचकांप्रमाणे प्रस्तुत लेखकाचेही दिवस सरकारी कचेरीत जातात, आणि मराठीत या दिवसाचे गंभीर चित्रण फार थोडे आहे, हे त्यास वारंवार जाणवते. टपाल, रेल्वे, हिशेब-तपासणी, भूमापन, सीमाशुल्क अशा खात्यांत दूरदूर पांगलेल्या माणसांपैकी फार थोड्यांनी लहानपणी त्या खात्यांची नावे घेतली असतील. तरीही त्यांचे प्रौढ आयुष्य तेथेच घडले आहे. ते का घडले, कोणाच्या स्वप्नाच्या जागी घडले, आणि त्यातल्या कामाने त्यांना काय शिकविले, हे त्यांनीच लिहावयास हवे. गोपाळराव जोशी यांची बंगालमध्ये बदली झाली, ती टपाल खात्याच्या दप्तरातील एक किरकोळ नोंद असेल. पण त्या नोंदीमुळेच एक मराठी मुलगी श्रीरामपूरच्या त्या सभागृहात पोहोचली.