भागाकार बरोबर, उत्तर चूक

घरगुती सौरसंचासोबत आलेले एक माहितीपत्रक परवा एका शिक्षकमित्राने दाखवले. चार्ज कंट्रोलर निवडण्याचा त्यातला नियम एका ओळीचा : पॅनलचे वॉट भागिले बॅटरीचे व्होल्ट. मित्राने तो दहावीच्या वर्गात उदाहरण म्हणून घातलाही होता. नियम सुटसुटीत आहे, पण त्यातले भौतिकशास्त्र हरवले आहे.

३६ घटांचा १०० वॉटचा पॅनल घ्या. तो पूर्ण शक्ती देतो ती सुमारे १८ व्होल्टला. तेव्हा धारा असते साडेपाच अँपिअर. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे वेगाने उघडझाप करणारी कळ. तो पॅनलला बॅटरीच्या १३ व्होल्टपर्यंत खाली ओढतो. धारा जवळपास तेवढीच राहते. हाती येतात जेमतेम ७२ वॉट. पत्रकातले ८.३ अँपिअर येथे कधीच मिळत नाहीत. या कंट्रोलरची क्षमता पॅनलच्या लघुपरिपथ धारेच्या सव्वापट धरावी. एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टचे धारेत रूपांतर करतो. पत्रकाचा भागाकार त्याच्यापुरता चालतो. हा भेद पत्रकात नाही.

व्होल्टची कमाल मर्यादा तर पत्रक विसरलेच आहे. ३७.५ व्होल्ट खुले विभवांतर असलेले दोन पॅनल एकसरीत जोडले, की ७५ व्होल्ट होतात. ७५ ची मर्यादा असलेला कंट्रोलर पुरेल असे वाटते. पण हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा. तापमान अंशाने उतरले, की विभवांतर सुमारे ०.३ टक्क्याने चढते. निफाडच्या थंडीत ५ अंशांना ते ७९ व्होल्टच्या पुढे जाते आणि कंट्रोलर जळू शकतो.

'जाड वायर वापरावी' हा सल्लाही अर्धवट. किती जाड? २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अंतर ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १०. रोध ०.०७ ओहम, १० अँपिअरला घट ०.७ व्होल्ट. २३० व्होल्टला ती नगण्य, १२ ला सहा टक्के. ही तार कंट्रोलर आणि बॅटरीच्या मधली असेल, तर बॅटरी भरत आल्याचा कंट्रोलरचा समज होतो आणि ती अर्धपोटी राहते. शिसे-आम्लाची बॅटरी अशी रोज उपाशी राहिली, की लवकर निकामी होते.

'आधी बॅटरी जोडा, मग पॅनल' ही सूचना मात्र योग्य; फक्त कारण दिलेले नाही. कारण न देता नियम पाठ करवणे ही खोड आपल्या पाठ्यपुस्तकांनाही आहे. मित्राने आता उदाहरण बदलले आहे. मुले पॅनलच्या मागची चिठ्ठी वाचून आकडे आणतात, मग भागाकार करायचा की नाही ते ठरवतात.